ध्वनिमुद्रिकेतील 'मी', 'तू' आणि 'आपण' : मुंबईच्या एका रॉक-संग्रहाचे भाषादृष्ट्या परीक्षण

१

भाषा आणि संगीत यांच्या परस्परसंबंधाचा विचार मराठीत मुख्यतः छंदःशास्त्राच्या अंगाने झाला आहे. माधव जूलियन यांच्या 'छंदोरचने'ने या विचारास शास्त्रीय बैठक दिली, आणि तिच्या आधारे ओवी-अभंगापासून लावणी-नाट्यपदापर्यंतच्या गेय रचनांची मीमांसा करणे सुकर झाले. या मीमांसेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की संहिता आधी सिद्ध होते व गायन तिच्यामागून येते. रॉक संगीतात हा क्रम पुष्कळदा उलटतो. तेथे ठेका, स्वरावली आणि ध्वनीचा पोत ही प्रथम ठरतात, शब्द त्यांच्या पोटात बसविले जातात, आणि संहितेला अखेरचा आकार मिळतो तो ध्वनिमुद्रणगृहात. अशा संहितेचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर करावे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेइतकाच भाषाशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी 'इंडस क्रीड' या मुंबईच्या वाद्यवृंदाचा, इ. स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह येथे घेतला आहे. त्याची निवड दोन कारणांनी योग्य ठरते. स्वतः रचलेली इंग्रजी गाणी घेऊन इतका दीर्घ प्रवास केलेले वाद्यवृंद आपल्याकडे थोडेच आहेत, हे पहिले कारण. दुसरे असे, की मराठी रॉकसारख्या संगीताला सोसत नाही, ही जी समजूत सर्वत्र ऐकू येते, तिची परीक्षा या संग्रहाच्या निमित्ताने नेमकेपणाने करता येते.

२

या वाद्यवृंदाची स्थापना १९८४ च्या सुमारास 'रॉक मशीन' या नावाने झाली. त्याचे 'रॉक 'एन' रोल रेनेगेड' आणि 'द सेकंड कमिंग' हे संग्रह अनुक्रमे १९८८ व १९९० मध्ये निघाले. १९९३ मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि त्याच नावाचा संग्रह १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. १९९७ च्या सुमारास वाद्यवृंद विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल यांनी मधल्या काळात जयेश गांधी यांच्यासह न्यूयॉर्क येथे 'आम्स फॉर शांती' हा उपक्रम चालविला. २०१० मध्ये वाद्यवृंद पुन्हा एकत्र आला. बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व कळवाद्यवादक झुबिन बालापोरिया हे जुने सहकारी, आणि रुशाद मिस्त्री (बास) व जय राव कवी (ड्रम) हे दोन नवे, अशा पाच जणांनी 'इव्हॉल्व्ह' सिद्ध केला. मागील संग्रह व हा संग्रह यांत सतरा वर्षांचे अंतर आहे.

नामांतराचा तपशील भाषाभ्यासकास बोलका वाटेल. 'सिंधु' या शब्दातील 'स'चा इराणी भाषांत 'ह' झाला. ग्रीकांनी तो 'ह'ही गाळला. आणि लॅटिनमार्गे 'इंडस' हे रूप इंग्रजीत स्थिरावले. आपल्या संगीताचा भारतीयपणा सांगू पाहणाऱ्या या वाद्यवृंदाने नदीचे नाव घेतले खरे, परंतु घेतले ते परदेशाहून परतलेले रूप. यात दोष काढण्याचे कारण नाही. शब्द प्रवास करतातच. मात्र 'इव्हॉल्व्ह'च्या घडणीतही हाच प्रवास पुन्हा दिसतो. गाणी मुंबईच्या वादकांची. त्यांचे अंतिम ध्वनिमिश्रण टिम पामर यांचे, म्हणजे 'पर्ल जॅम' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या 'टेन' (१९९१) या गाजलेल्या संग्रहाचे मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाचे, आणि ते झाले टेक्सासमधील ऑस्टिन येथे.

ध्वनिमिश्रण म्हणजे केवळ आवाज कमीअधिक करणे नव्हे. रॉक-संग्रहाच्या निर्मितीत सामान्यतः प्रथम ड्रम मुद्रित होतात, तेही यांत्रिक टिकटिकीच्या आधाराने. मग बास, मग गिटारींचे एकावर एक थर, मग कळवाद्ये, आणि बहुधा शेवटी गायन. गायनही सलग राहत नाही. एकच कडवे अनेकदा गाऊन घेतात व त्यांतील उत्तम तुकडे जोडून एक 'गायन' तयार करतात. म्हणजे श्रोता जे वाक्य ऐकतो, ते त्या सलगतेने कोणी कधी उच्चारलेले नसणेही संभवते. यानंतर मिश्रणकार त्या आवाजाची जागा ठरवितो. आपल्या चित्रपटगीताच्या परंपरेत गायकाचा आवाज पुढे आणि वाद्यमेळ मागे असतो, कारण तेथे शब्द कळणे ही पहिली अट असते. रॉकमध्ये आवाज वाद्यांच्या मध्ये उभा केला जातो. शब्द अर्धवट कळला तरी चालतो, किंबहुना तो अर्धवट कळणे हाच त्या शैलीचा एक गुण मानला जातो. 'इव्हॉल्व्ह'मध्ये हे मिश्रण अत्यंत सफाईने झालेले आहे. गिटारींचे थर दाट असूनही परस्परांवर कुरघोडी करीत नाहीत, कळवाद्ये पार्श्वभूमी होऊन न राहता रचनेच्या बांधणीत भाग घेतात, आणि आधीच्या संग्रहांच्या मानाने रचना अधिक विस्तृत व वळणदार झाल्या आहेत. वादनाची परिपक्वता व ध्वनीची प्रत या दोन्ही दृष्टींनी हा संग्रह आंतरराष्ट्रीय मापाला उतरतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३

प्रश्न उरतो तो शब्दांचा. येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रॉकचा ठेका मराठीला मानवत नाही, असे म्हणणारे बहुधा छंदाकडे बोट दाखवितात. वस्तुतः छंदाची अडचण येथे सर्वांत कमी आहे. रॉकचे प्रचलित आवर्तन चार ठोक्यांचे व प्रत्येक ठोका दुभागलेला, म्हणजे आठ मात्रांचे असते. माधव जूलियनांच्या परिभाषेत हे पद्मावर्तनच होय; आणि लावणीपासून भावगीतापर्यंत मराठीचा केवढातरी गेय संसार पद्मावर्तनी आहे. फरक आहे तो आघाताच्या जागेचा. रॉकमध्ये दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर पडणारा ड्रमचा खणखणीत प्रहार आवर्तनाच्या आरंभाला जणू आव्हान देतो. तथापि तोही ऐकणाऱ्या मराठी कानाला परका म्हणता येणार नाही. डफ-तुणतुण्याच्या साथीने शब्दांची फेक करणारा शाहीर बोलाचा जोर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सहज सरकवितो.

खरी अडचण उच्चारणाच्या व व्याकरणाच्या पातळीवर आहे. इंग्रजी ही आघातप्रधान भाषा असल्याने अनाघात अवयवांतील स्वर तिच्यात क्षीण होतात आणि दोन आघातांच्या मधल्या जागेत अनेक अवयव दाटीवाटीने बसू शकतात. मराठीत बहुतेक प्रत्येक अवयव आपला स्वर राखून असतो. शिवाय मराठी वाक्य क्रियापदान्त आहे. त्यामुळे ओळीच्या शेवटी, जेथे रॉकला जोरकस शब्द हवा असतो, तेथे 'आहे', 'होते' यांसारखी हलकी रूपे येऊन बसतात. पण या अडचणी कवींनी पूर्वीच ओलांडलेल्या आहेत. शब्दक्रम बदलणे, सहायक क्रियापद गाळणे, उच्चारात लोपलेला अन्त्य 'अ' गाताना पुन्हा उभा करणे, हे उपाय अभंगापासून चालत आलेले आहेत.

सर्वनामांची गोष्ट अधिक मूलगामी आहे. इंग्रजी 'मी'ला लिंग नाही. गाणारा पुरुष असो वा स्त्री, तो 'मी' ऐकणाऱ्या कोणालाही आपलासा करता येतो, आणि सभागृहातील हजारोंनी एका सुरात गाण्याची रॉकची जी रीत आहे, ती या सोयीवर उभी आहे. मराठीत 'मी जातो' म्हणताच गाणारा पुरुष ठरतो, 'मी जाते' म्हणताच स्त्री. तीच गोष्ट द्वितीय पुरुषाची. इंग्रजीतील एकच सर्वनाम प्रेयसीला, मित्राला, सत्ताधीशाला, परमेश्वराला व समोरच्या गर्दीला एकाच वेळी लागू पडते. मराठीला 'तू', 'तुम्ही' आणि आदरार्थी 'आपण' यांतून एक निवडावे लागते. इंग्रजीतील अनेकवचनी प्रथम पुरुषात श्रोता सामील आहे की नाही, हे सांगावे लागत नाही. मराठीत 'आम्ही' म्हटले की श्रोता बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो.

यावरून मराठी ही या संगीतास अपुरी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लिंगाचे बंधन मराठीत सर्वत्र सारखे नाही. 'मी जाईन' या भविष्यकाळी रूपात ते नाही. 'मी पाहिले' या सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माला अनुसरते आणि वक्त्याचे लिंग लपते. 'मला हवे', 'मला आठवते' या रचनांतही ते दिसत नाही. म्हणजे ज्या रचनाकाराला सर्वांचा 'मी' हवा आहे, त्याच्यासाठी मराठीत वाट आहे. फक्त ती वाट त्याला जाणून-बुजून चालावी लागेल. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मराठी व्याकरण रचनाकाराकडून वसूल करते. इंग्रजी ती उधारीवर ठेवू देते.

४

'इव्हॉल्व्ह'मधील इंग्रजी या उधारीवर कितपत जगते, याचा अंदाज शीर्षकांवरूनही येतो. 'डिझॉल्व्ह' हे शीर्षक घ्या. इंग्रजीत हे क्रियापद सकर्मकही आहे व अकर्मकही. आज्ञार्थ आहे की मूळ धातू, हेही शीर्षकात अनिश्चित राहते. मराठीत 'विरघळणे' की 'विरघळवणे', हे ठरविल्यावाचून पाऊल पुढे टाकता येणार नाही, आणि ठरविताच कर्ता कोण हा प्रश्न उभा राहतो. संग्रहाचे नावही तसेच आहे. 'उत्क्रांत होणे' म्हटले तर जीवशास्त्राचा वास येतो. 'घडत जाणे' म्हटले तर कोणी घडविणारा आहे काय, अशी शंका येते. सतरा वर्षांनी परतलेल्या वाद्यवृंदाला या नावातून जे म्हणायचे आहे, ते अर्थातच आकलनीय आहे. परंतु ते संदिग्धतेच्या आश्रयाने म्हटलेले आहे.

'फायरफ्लाइज' या शीर्षकाची गोष्ट निराळी. त्याला मराठीत 'काजवे' हा नेमका शब्द आहे. पण काजवा म्हणताच सह्याद्रीतील मृगाच्या आधीची रात्र मनात येते, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकण्याचा वाक्प्रचारही न बोलावता हजर होतो. इंग्रजी शब्दात कोमल, क्षणिक प्रकाश आहे. मराठी शब्दात तो प्रकाश आहेच, शिवाय गुंगी आणणारा तडाखाही आहे. मराठी रचनाकाराला या दोहोंशी व्यवहार करावा लागला असता, आणि त्यातून कदाचित एक अधिक गुंतागुंतीचे गाणे निघाले असते.

उच्चारांविषयीही हेच म्हणता येईल. ब्रिटिश लोकप्रिय गायक गाताना आपले देशी उच्चार सोडून अमेरिकन उच्चारांकडे का झुकतात, याचा विचार पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केला आहे. ज्यांच्याकडून ते संगीत आले त्यांच्यासारखे बोलण्याची ओढ, हे त्यांनी दाखविलेले कारण. आणि पुढे पंक गायकांनी इंग्लंडमधील श्रमिक वर्गाच्या बोलीकडे वळून या ओढीला दिलेला छेद, हा त्याचा उत्तरार्ध. 'इव्हॉल्व्ह'मधील गायन या पूर्वार्धातच राहते. स्वर आरपार सुरेल, उच्चार स्वच्छ, परंतु हा गायक कोणत्या शहरातून आला हे त्याच्या इंग्रजीवरून ओळखता येऊ नये, अशी जणू काळजी घेतलेली वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. इंग्रजी ही मुंबईचीही भाषा आहे. ती निवडण्याबद्दल कलावंतास जाब विचारण्याचा अधिकार समीक्षकास कोणी दिला? आक्षेप रास्त आहे. अरुण कोलटकरांनी 'जेजुरी' (१९७६) इंग्रजीत लिहिली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा मराठी कवितांचा संग्रह आला. 'जेजुरी'त खंडोबाचा डोंगर, एस.टी.ची बस आणि देवळाचे पडके दार यांपैकी काहीही भाषेमुळे हरवले नाही. तेव्हा दोष इंग्रजीचा नाही. इंग्रजीतूनही स्थळ बोलू शकते. 'इव्हॉल्व्ह'ची मर्यादा इंग्रजी असणे ही नसून कोठलीही नसलेली इंग्रजी असणे ही आहे. परंतु हे मान्य केल्यावर दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. मराठीत हे संगीत होत नाही याचे कारण भाषेचा स्वभाव नसून रचनाकारांची निवड आहे, आणि निवड म्हटली की तिचे परीक्षण आलेच.

५

या निवडीचा परिणाम कोणावर होतो, हे पाहण्यासाठी मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदरकडे वळणे उपयुक्त ठरेल. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाखांच्या वर गेली. मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी अशा अनेक भाषा येथील एकेका इमारतीत शेजारी नांदतात. अशा शहरातील महाविद्यालयीन युवक गिटार हाती घेतो तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजी रॉक व हिंदी चित्रपटगीत हे दोन आदर्श तयार असतात. घरी ज्या भाषेत तो रागावतो, रुसतो, वाद घालतो, तिच्यात या संगीताचा आदर्श त्याला सहजी सापडत नाही.

गंमत अशी, की पाश्चात्त्य स्वररचना आणि मराठी शब्द यांचा संसार याच शहराच्या पश्चिम किनाऱ्यावर फार पूर्वीपासून चाललेला आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या भागावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजीअप्पांच्या वसई-मोहिमेने तो संपला. धर्म राहिला, आणि बोलीही राहिली. येथील ख्रिस्ती कोळ्यांची भाषा ही मराठीचीच एक किनारी बोली आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास मुभा दिली आणि येथील चर्चमध्ये मराठी गीते पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या साथीने गायिली जाऊ लागली. याहून जुना दाखला हवा असेल तर १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' आहेच. एका इंग्रजाने गोव्याच्या साष्टीत परदेशी कथा मराठी ओवीत घातली. मीरा-भाईंदर ज्या बेटावर वसले आहे, त्याचेही नाव साष्टीच.

या परंपरेतील एक अनुभव येथे विशेष मोलाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी गीते तयार केली. चालीच्या आघातासाठी त्यांत मराठी शब्दांची ऱ्हस्व-दीर्घे मोडावी लागत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तोच भाव अभंगादी देशी छंदांत ओतला आणि तो लोकांच्या ओठी बसला. शिकवण स्पष्ट आहे. परक्या चालीत मराठी कोंबून चालत नाही. मराठीच्या मात्रांतून ती चाल नव्याने घडवावी लागते.

उत्तनच्या उपासनेकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. परमेश्वराशी बोलताना समुदाय 'आम्ही' म्हणतो, कारण परमेश्वर त्या 'आम्ही'त बसत नाही. धर्मगुरू समुदायाला प्रार्थनेचे आवाहन करतो तेव्हा 'आपण' म्हणतो. एकाच घटकेत भाषा दोन नाती वेगवेगळी ठेवते. रॉकच्या रंगमंचावर उभा राहिलेला मराठी गायक गर्दीला 'आपण' म्हणेल, 'तुम्ही' म्हणेल, की तिच्यापासून अलग होऊन 'आम्ही' म्हणेल? या तीन शब्दांतून तीन निरनिराळी गाणी, आणि तीन निरनिराळ्या राजकीय भूमिका, निष्पन्न होतील. इंग्रजीत हा प्रश्न निर्माणच होत नाही.

६

मराठीत असा प्रयत्न मुळीच झाला नाही, असे नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या नाटकात नंदू भेंडे यांनी पाश्चात्त्य ढंगाचे मराठी गायन रंगभूमीवर आणले. मुंबईच्या इंग्रजी रॉकमध्ये वावरलेला गायक मराठी शब्द तितक्याच मोकळेपणाने फेकू शकतो, हे तेथे सिद्ध झाले. पुढे 'सैराट' (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले, आणि त्या वाद्यमेळावर ग्रामीण मराठी शब्द विनासायास उभे राहिले. ध्वनिमुद्रणगृह परदेशी असल्याने भाषा परदेशी होत नाही, हे यावरून दिसते. मात्र पहिला प्रयत्न नाटकाच्या आश्रयाने झाला, दुसरा चित्रपटाच्या. कथेतील पात्राचा 'मी' तेथे आधीच ठरलेला होता. कोणत्याही पात्राच्या आडोशाला न जाता स्वतःच्या 'मी'ची जबाबदारी घेणारा, एका संकल्पनेने बांधलेला आणि ध्वनिमुद्रणगृहात घडलेला मराठी रॉक-संग्रह या दाखल्यांनी सिद्ध होत नाही. त्याची शक्यता तेवढी सिद्ध होते.

'इव्हॉल्व्ह'चे मूल्य या संदर्भात पुन्हा तोलले पाहिजे. आठ-दहा मिनिटांच्या प्रसिद्धीसाठी नव्हे, तर वादनाच्या प्रेमापोटी सतरा वर्षांनी एकत्र येऊन पाच जणांनी केलेले हे काम आहे, आणि कारागिरीचा जो वस्तुपाठ त्याने घालून दिला आहे तो पुढील प्रत्येक रचनाकाराला, मग त्याची भाषा कोणतीही असो, उपयोगी पडणारा आहे. थरांची जुळणी, आवाजाची जागा, गाण्याची दीर्घ बांधणी यांबाबत त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जे त्याच्याकडून शिकता येणार नाही, ते एवढेच, की हे गाणे कोण म्हणतो आहे आणि कोणाला म्हणतो आहे.

ते शिकविण्याचे सामर्थ्य मराठीच्या व्याकरणात आहे. उपासना, लोकगीत आणि चित्रपट एवढीच क्षेत्रे मराठीला नेमून देऊन आजचा संताप, शंका व एकाकीपणा दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन केला, तर नुकसान केवळ संगीताचे होणार नाही. जी भाषा आपल्या तरुणांच्या अस्वस्थतेला शब्द देत नाही, तिचा त्या तरुणांच्या आयुष्यातील अधिकार हळूहळू कमी होत जातो. तेव्हा मीरा रोडच्या एखाद्या खोलीत गिटार जुळवीत बसलेल्या मुलाला छंद अडवीत नाही, ठेका अडवीत नाही, हे सांगणे भाषाशास्त्राचे काम आहे. 'आम्ही' म्हणावे की 'आपण', हे मात्र त्याचे त्यालाच ठरवावे लागेल.